मायक्रोस्कोपच्या डोळ्यातलं कुंकू

मित्रांनो, रेणापूरच्या कॉलेजात लॅबच्या कोपऱ्यात बसलेला काळा, जडशीळ, जुना मायक्रोस्कोप म्हंजे मीच. माझ्या भिंगातून डबक्याच्या थेंबात जत्रा भरलेली दिसायची. बघणारं पोरगं आ करून ऱ्हायचं. लई मान होता मला.

मग एका खंडेनवमीला लॅबचा शिपाई मल्लेशमामा पूजेला बसला. भाविक माणूस. "जिथून दिसतं तिथंच देव," म्हणला, अन् खालून बोट घालून तेलातलं कुंकू थेट माझ्या भिंगालाच लावलं! तवापासून मी आंधळा. लॅब शिकवणारे राजशेखर सर म्हणले, "गेलं हे कामातून." कुणी वाकून बघितलं न्हाई. कपाटात धूळ खात पडलो.

पुढं सरकारनं कायदा केला. शाळंतल्या पोरांना बी कॉलेजचा एखादा विषय शिकता येणार, पास झालं की त्याचं क्रेडिट जमा. कॉलेजात गेल्यावर तो विषय पुन्हा शिकायचा न्हाई. त्या कायद्याचा हात धरून शाळंतली बबिता आली. तिचा बाप किशन बजावून बसला होता, "ह्यात पास झालीस तर पुढं शिकवतो. न्हाई तर घरी बस."

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी नवे मायक्रोस्कोप कॉलेजच्या पोरांनी धरले. बबिताच्या वाट्याला मी. तिनं कांद्याचा पापुद्रा ठेवला, डोळा लावला.

"सर, सगळं लाल अन् धुकट दिसायलंय."

"दिसणारच. कायद्यानं आत घेतलं, अक्कल बी कायदाच देतो का?" पोरं फिदीफिदी हसली.

पोरगी रडली न्हाई. मला आडवं करून खालून निरखलं. "अगं माय! ह्याच्या डोळ्यात कुंकू हाय!"

दारातून मामा ओरडला, "पुसू नको गं, पूजेचं हाय ते!"

"मामा, माहूरच्या देवीच्या डोळ्यात भरतेत का कुंकू?"

मामानं जीभ चावली. सोताच स्पिरिट अन् कापूस घेऊन आला. तिनं हळूच, बाळाचा डोळा पुसावा तसं पुसलं.

अन् मित्रांनो, मला दिसलं! भिंतीला भिंत लावून खोल्याच खोल्या, अन् खोलीखोलीत एक ठिपका, दिवा ठेवल्यावानी.

"मामा, कांद्यात गाव वसलंय!"

सर वाकले. लई वेळ मान वर केलीच न्हाई. मग हळूच म्हणले, "पेशी दाखव बरं, बाळ." तिनं एकेक दाखवली. पास झाली.

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन आली. किशननं टोपी काढून डोळा लावला. "जलमभर कांदा पिकवला. आत हे होतं व्हय?" मग तिच्याकडं वळला. "शिक गं माय."

मित्रांनो, आमची पूजा करा, पण डोळा मोकळा ठेवा. एवढंच मागणं.

आता बबिता ह्याच कॉलेजात हाय. औंदा खंडेनवमीला मामा कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याभवती दोनदा फिरला अन् तिला विचारलं, "बबे, कपाळ कुठं हाय गं ह्याचं?"