जावेची साक्ष

थोरलीला कायम नोकरीसाठी अर्ज करायची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात कंत्राटावर काम करता करता तिचे केस पिकत चालले होते. त्याच विभागाच्या प्रमुखाची एक जागा निघाली होती. अर्जातले बाकीचे रकाने तिनं बसल्या बैठकीला भरले. घोडं अडलं ते एकाच प्रश्नाशी: आपण धोरणात्मक विचार केल्याचं एक उदाहरण द्या, काय निवडलं, काय सोडलं, परिणाम काय झाला ते लिहा, आणि त्या वेळी हजर असलेल्या एका सहकाऱ्याचं नाव साक्षीसाठी द्या.

उदाहरण तिच्याकडे होतं, बावनकशी होतं. साक्षीदाराचीच पंचाईत होती. त्या वेळचे साहेब वारले होते, आणि हजर असलेली एकच व्यक्ती म्हणजे शेजारच्या टेबलावर तक्रारींचे फोन घेणारी तिची धाकटी जाऊ. दोघी एका घरात राहत, एका कार्यालयात काम करत, आणि दोन उन्हाळ्यांपासून एकमेकींना पाण्यात पाहत. पाणीपुरवठ्यातच असल्यामुळे त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, एवढंच.

झालं होतं असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी साहेब आजारी पडले आणि तात्पुरता कारभार थोरलीकडे आला. शहरभर पाण्याची बोंब होती. दुरुस्तीच्या दोन गाड्या दिवसभर जो जास्त ओरडेल त्याच्याकडे धावायच्या, रस्ता खणायच्या, फुटक्या पाइपाला पट्टी मारायच्या. गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत पट्टी पुन्हा गळायला लागायची. थोरलीनं नकाशा पसरून बरंच डोकं खाजवलं आणि ठरवलं, की उन्हाळाभर दोन्ही गाड्या एकाच कामाला जुंपायच्या. बाजाराखालून जाणारा जुना मुख्य पाइप मुळापासून बदलायचा. तोवर बाकीच्यांनी टँकरवर भागवायचं. लोकांनी रिकाम्या बादल्या कार्यालयाच्या पायरीवर आणून आपटल्या, तिच्या नावानं बोटं मोडली. ती बधली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तक्रारी निम्म्यावर आल्या.

पण त्या उन्हाळ्यात टेकडीवरचे नळ सगळ्यांत आधी कोरडे पडले, आणि तिथं तिसऱ्या मजल्यावर धाकटीची आई एकटी राहायची. धाकटीनं स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून विनवलं, की एक गाडी एक दिवस पाठवा, कोपऱ्यावरचा एक व्हॉल्व्ह बदलला तरी भागेल. थोरली नाही म्हणाली. पुढे टँकरचं पाणी वर नेताना म्हातारीचा पाय जिन्यात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला आणलं ते याच घरात. आता ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहते, वॉकर धरून चालते, आणि दोन्ही जावांची भांडणं रेडिओसारखी ऐकते.

तर थोरलीनं लिहिलेला कागद भाजी चिरत बसलेल्या धाकटीसमोर ठेवला. बाहेरच्या खोलीत दोघा भावांनी ताबडतोब बातम्यांचा आवाज वाढवला. घरात काय चाललंय यापेक्षा जगात काय चाललंय याची त्यांना अशा वेळी फार काळजी लागे. धाकटीनं हात पुसले आणि कागद वाचायला घेतला. 'या निर्णयाचा कोणत्याही भागावर विपरीत परिणाम झाला नाही' या ओळीपाशी ती थांबली.

"माझ्या आईचा खुबा कुठल्या भागात येतो?" तिनं विचारलं.

थोरली म्हणाली की अर्जात असंच लिहायचं असतं, सगळेच लिहितात, आपल्या हातानं आपल्याच तोंडाला काळं कोण फासून घेईल. धाकटीनं ऐकून घेतलं.

"सही करते," ती म्हणाली. "पण मला विचारलं तर पाहिलं ते सांगणार. टेकडीचं सांगणार, आईचं सांगणार."

"माझ्याकडे दुसरं कोण आहे?"

"साहेबांना थोडं थांबायला सांगायचं होतं."

आतल्या खोलीतून म्हातारी म्हणाली, "शत्रूलाच साक्षीला नेतेस, थोरले. तू हुशार आहेस की वेडी, हे त्या लोकांना कळलं तर मलाही कळवा."

थोरली तो कागद घेऊन बराच वेळ बसली. टेकडीचं लिहावं तर अख्खी वस्ती तहानेली ठेवली म्हणून तिला पहिल्या दाराशीच उभी करतील. न लिहावं तर धाकटी आत जाऊन सांगेल आणि ही खोटारडी ठरेल. शेवटी तिनं ती ओळ खोडली आणि तिच्या जागी काहीच लिहिलं नाही. साक्षीदाराशी नातं असल्यास नमूद करा, अशा आणखी एका रकान्यात तिनं 'जाऊ' एवढं लिहिलं, आणि खोटा नाही पण पुरता खराही नाही असा तो अर्ज पाठवून दिला.

मुलाखतीला दोघींना एकाच दिवशी बोलावणं आलं. बोळकंडीतल्या लांब बाकाच्या एका टोकाला थोरली बसली, दुसऱ्या टोकाला धाकटी. मध्ये आणखी चौघं सुखानं बसली असती. शिपायानं आधी थोरलीला आत नेलं. आत एक अध्यक्षबाई होत्या आणि दोन सदस्य; त्यातल्या टक्कलवाल्या सदस्याचं सगळं लक्ष पंख्याकडे होतं. पाइपाचं सगळं तिनं छान सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, हे निवडताना काय सोडलंत? ती म्हणाली, काही भागांना टँकरवर राहावं लागलं. कोणाला त्रास? थोडी गैरसोय झाली, ती म्हणाली. बाईंनी 'गैरसोय' लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. ती रेघ थोरलीला उलट्या बाजूनंही नीट दिसली.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. धाकटीला आत बोलावलं. पदर सारखा करून ती गेली. दोन उन्हाळे मनात घोळवलेलं बोलायला आज सरकारी खुर्ची मिळाली होती आणि ऐकायला तीन सरकारी माणसं.

"तुमच्या जाऊबाई म्हणतात गैरसोय झाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणाल?"

"माझी आई टेकडीवर राहायची. त्यांना ते ठाऊक होतं. मी हात जोडले, म्हटलं एक गाडी, एकच दिवस. म्हणाल्या, तुझ्या आईला दिली तर उद्या प्रत्येकाची आई माझ्या टेबलावर येऊन बसेल. आईचा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी गाड्या कुठं होत्या? बाजारातच. अशी बाई आहे ही. घरच्या माणसासाठीसुद्धा जागची हलत नाही."

टक्कलवाल्या सदस्यानं पंख्यावरची नजर काढली आणि पेन उचललं.

"घरच्या माणसासाठीसुद्धा नाही?"

"नाही," धाकटी जोर देऊन म्हणाली.

"मग टेकडीवरचा तो व्हॉल्व्ह?"

"पाइप झाल्यावर. यादीत नंबर लागला तेव्हा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटीनं सरकारी कार्यालयात इतकी वर्षं फुकट काढली नव्हती. आमदाराचा फोन आला, मंत्र्याचा मेहुणा आला, तरी यादी जिच्या हातून हलणार नाही अशी कोणी सापडल्यावर साहेब लोकांच्या डोळ्यांत जे येतं, ते तिला ओळखू आलं.

"म्हणजे माणुसकी नाही त्यांच्यात, असं म्हणतेय मी," तिनं घाईनं सांगितलं.

"हो, हो, लिहून घेतलंय," टक्कलवाला प्रसन्नपणे म्हणाला.

बोळकंडीत थोरलीनं विचारलं, काय सांगितलंस. खरं, धाकटी म्हणाली. सगळं? सगळं, आणि वर थोडं जास्तच. घरी आल्यावर थोरलीनं दोन वर्षांची भरपाई केली: पाठीत सुरा खुपसायचा होता तर सही कशाला केलीस, माझी शेवटची वेळ होती हे ठाऊक असून माझ्या ताटात माती कालवलीस, आता पडला ना जीव थंड. एरवी धाकटीनं एकाला चार सुनावली असती. त्या दिवशी ती धुतलेली भांडी पुन्हा धूत राहिली. बहुतेक मीच तुम्हाला खुर्चीवर बसवून आले, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

निकाल लागला. थोरलीची निवड झाली. सोबत समितीचा शेरा होता, तो धाकटीनं थोरलीच्या खांद्यावरून वाचला: उमेदवारास स्वतःच्या निर्णयाची किंमत स्पष्ट मांडता आली नाही. ती साक्षीदाराकडून समजली. निवडीत ही साक्ष निर्णायक ठरली.

थोरलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. धाकटीनं भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे माझं हाड सरकारी कामी आलं," म्हातारी वॉकरवर रेलून म्हणाली. "त्याला पेन्शन बसते का बघा कोणीतरी."

हसले ते दोघे भाऊ, आणि तेही दाराआडून.

थोरली खुर्चीवर बसली त्याच आठवड्यात धाकटीनं तिला ओट्याशी गाठलं. तिचं कंत्राट संपत आलं होतं आणि ते वाढवायची शिफारस विभागप्रमुखानं करायची असते.

"आता सही तुमची लागणार," ती म्हणाली.

"माझी नाही. नातं आहे म्हणून त्या फायलीपासून बाजूला राहते, असं मी लिहून दिलंय. वरचे साहेब ठरवतील."

"वरच्या साहेबांना मी कोण हेही माहीत नाही."

"मग कळेल."

"तुमच्यासाठी मी साक्ष दिली."

"माझ्यासाठी दिलीस?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं डब्याचं झाकण इतकं जोरात दाबलं की डबाच चेपला.

एवढ्यात आतून हाक आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं म्हातारीला रोज एकदा खाली अंगणात न्यायला सांगितलं होतं, पायऱ्या कशा उतरवायच्या ते दोघी जावांना दाखवलं होतं, आणि आजपासून सुरुवात होती. जिन्यात वॉकर चालत नव्हता, भाऊ दोघे कामावर. एका काखेत थोरली, दुसऱ्या काखेत धाकटी, असं ते निघालं. दोघी म्हातारीच्या डोक्यावरून एकमेकींकडे न बघता पायऱ्या उतरवत होत्या. जिन्याच्या मधल्या वळणावर म्हातारीनं दम खायला थांबवलं.

"तुमची आई राहत असती टेकडीवर, तर?" धाकटीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त बोचरा वाटला.

थोरलीला कठड्याला टेकायचं होतं, पण हात म्हातारीच्या काखेत अडकला होता.

"पाठवली असती," ती म्हणाली. "बहुतेक पाठवली असती. ती आधीच गेली, म्हणून मला निभावता आलं."

धाकटीनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. इतके दिवस तिनं जिला दगड समजून ठोकरलं होतं, तिनं आज स्वतःहून सांगितलं होतं की दगड नाही, आणि ते ऐकून धाकटीला जास्तच लागलं होतं. म्हणजे आई कोणाची, यावरच सगळं होतं.

"हे त्या लोकांपुढे बोलली नाहीस ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली.

"मला विचारलं तर सांगेन," धाकटी म्हणाली.

"सांग," थोरली म्हणाली.

"सांगेनच."

"तुमचं ठरेपर्यंत मी इथंच लटकू का?" म्हातारीनं विचारलं. "आता कुठला पाय आधी टाकू?"

"दुखरा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि आपण एकदम बोललो याचाही दोघींना राग आला.