राखणदाराची जागा

जोगेश्वरी पूर्वेच्या त्या वसाहतीत चोवीस प्लॉट होते, एक रस्ता होता आणि एक देव. रस्ता नकाशात तीस फुटांचा. जमिनीवर तो वीसच भरायचा, कारण उरलेल्या दहा फुटांत लवू परबाचं स्वयंपाकघर होतं. हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे लवू.

देव म्हणजे लवूच्या घरासमोर रस्त्याच्या कडेचा शेंदूर फासलेला दगड. मोजणीवाल्यांनी फार पूर्वी हद्द दाखवायला रोवला होता. पण मालवणकडच्या माणसाला वेशीवर दगड उभा दिसला की त्याचा हात नारळाकडे जातोच. दगडाचा राखणदार झाला.

सव्वीस वर्षांपूर्वी गणपतीला सगळी वसाहत गावी गेली. लवूला कावीळ झाली होती म्हणून तो मागे राहिला. पंधरा दिवसांत कावीळ उतरली आणि राखणदार दहा फूट पुढे, रस्त्यात सरकला. नव्या जागी लवूने टाइल्सची घुमटी बांधली, वर कळस चढवला, आणि देवाच्या जुन्या जागेवर गुपचूप स्वयंपाकघराचा चौथरा घातला. मंडळी परतली तर देवाच्या डोक्यावर छप्पर. जागेकडे बघतो कोण? लवूच्या गळ्यात हार पडला. समोरच्या सुगंधावैनींनी घुमटीला पितळी घंटा दिली. पुढच्या दिवाळीचे लाडू लवूच्या घरी नव्या स्वयंपाकघरात वळले गेले.

यंदा महापालिकेने वसाहतीचा लेआउट तपासायला घेतला. रस्ता नकाशाप्रमाणे तीस फूट झाल्याशिवाय कुठल्याच बांधकामाला परवानगी नाही, असं ठरलं. अपूर्वा नावाची तरुण इंजिनीअर टेप आणि जुना नकाशा घेऊन आली. घुमटीतल्या हद्दीच्या दगडापासून तिने समोर तीस फूट मोजले. टेपचं टोक सुगंधावैनींच्या देव्हाऱ्याला टेकलं. वैनींचं घर खोलीला पंधरा फूट. त्यातले दहा रस्त्यात. उरत होती ती मोरी.

अपूर्वा पोरगी भली होती, आणि भली माणसं कामाचा फार खोळंबा करतात. तिने पुन्हा मोजलं.

"नकाशात दगड विहिरीपासून चाळीस फुटांवर आहे. इथे अंदाजे पन्नास येतात."

"विहीर बुजवून जमाना झाला, मॅडम," लवू म्हणाला. "कुठून मोजणार?"

"तेच तर. म्हणून विचारते. हा दगड कधी हलवला होता का? रहिवाशांपैकी कुणी तसं लिहून दिलं तर मी जुनी जागा धरीन. रस्ता पलीकडे सरकेल." मग ती वैनींकडे वळली. "आजी, तुमचं घर वाचेल."

लवू घुमटीची घंटा पुसू लागला. सत्तरीच्या वैनी काठी टेकत पुढे आल्या. अंगठा नाही, सही येत होती त्यांना.

"म्हणजे मी लिवून देवचा, की देव हलयलो?"

"हो. पण खरं असेल तरच."

वैनींनी घुमटीकडे बघितलं, मग आपल्या दाराकडे. दारात नवऱ्याने लावलेलं अनंताचं झाड होतं.

"देव माणसांका हलयता, बाय. देवाक कोण हलयतलो? घरासाठी मी तेच्यावर खोटा बोलाचंय नाय."

अपूर्वाने तसं लिहून घेतलं. वैनींनी खाली सही केली, वळणदार.

"शाब्बास वैनी," लवू म्हणाला. "देव बघता." आयुष्यात इतकं मनापासून तो क्वचितच बोलला होता.

घर पाडायच्या आदल्या दिवशी वैनी नारळ घेऊन लवूच्या दारात. वसाहतीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान लवूचा.

"भावजी, माझ्यासाठी एक गाऱ्हाणा घाला. आणि शेवटचा नीट म्हणा हां. जेणा माझा वायट केल्यान, तेचा."

वसाहत जमली. लवूने नारळ हातात धरला.

"बा देवा राखणदारा, ह्या लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"हिका नव्या जाग्यात बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

लवूने नारळ फोडायला हात उचलला.

"शेवटचा रवला," वैनी म्हणाल्या.

लवूने नारळ खाली घेतला. "आणि जेणा कोणी हिच्या घरावर वाट आणल्यान, तेचा वाटोळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज वैनींचा.

पुढचे पंधरा दिवस लवू जिना उतरताना कठडा धरून होता. दोनदा रक्त तपासून घेतलं. साखर चक्क कमी निघाली.

रस्ता झकास झाला. तीस फूट, काँक्रीटचा. लवूच्या प्लॉटचा भाव चढला. वैनींना मुलुंडला अकराव्या मजल्यावर खोली मिळाली. तरी दर सोमवारी दोन बस बदलून त्या देवाला तेल घालायला येतात. नंतर लवूकडे चहा. बाहेरच्या खोलीत पंखा आहे, खुर्ची आहे, पण त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशेजारी जमिनीवर बसतात.

"हयसरच का बसतास वैनी? लादी थंड आसा."

"काय म्हायत भावजी. हयसर बसला की कोणतरी पाठीशी आसा असा वाटता."

लवू त्यांच्या चहात जास्तीची साखर घालतो आणि ढवळत राहतो.