रागिणीचा उपास

आमच्या शाळेत एक नवाच नियम निघाला होता. लांब घंटा झाली की चौकीदाराने प्रत्येक वर्गाला बाहेरून कडी घालायची आणि पोलिसांचा निरोप येईपर्यंत ती कुणासाठीही काढायची नाही. चंडीगडमध्ये तेव्हा कधी गोळीबार, कधी बंद, कधी नुसतीच अफवा. प्रिन्सिपल मॅडमना वाटलं, मुलं कडीकुलपात असली म्हणजे सुरक्षित. आत काय होईल याचा विचार कुणी केला नव्हता. मी सिक रूमची नर्स. मला कोण विचारतंय!

त्या दिवशी घंटा झाली तेव्हा माझ्याकडे एकटी रागिणी होती. डोकं दुखतं म्हणून दुसऱ्याच तासाला आलेली. मेजर नंदकुमार राजवाडे यांची मुलगी, अकरा वर्षांची. ते श्रीलंकेत, शांतिसेनेत. आई पद्मिनी आणि ही, चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टरमध्ये. पोरीला मधुमेह होता. रोज सकाळी आई इन्शुलिन टोचून, खायला घालून पाठवायची. मी साताऱ्याची, नवरा गुरुनाथ एअर फोर्समध्ये; मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झालेली, म्हणून शाळेबाहेर मी तिची प्रतिमामावशी. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

बाहेरून कडी पडली. खिडकीला गज होतेच. फोन ऑफिसात. इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. मी म्हटलं चला, बसा आता.

थोड्या वेळाने रागिणी थरथरायला लागली. मला वाटलं घाबरली. जवळ घेतलं, तर फ्रॉक पाठीला चिकटलेला. फेब्रुवारीत चंडीगडला कुणाला घाम येतो? कपाळ गार. मी विचारलं, आज वार कोणता? ती उगीचच चिडली, म्हणाली, "मुझे तंग मत करो." एरवी ही मुलगी माझ्याशी कधी अशी बोलली नव्हती. साखर उतरत होती.

तिचं दप्तर ओढून डबा उघडला. दोन पराठे, भाजी, जसंच्या तसं. सकाळचं दूध? ते तिने आईची नजर चुकवून मोरीत ओतलं होतं. टोचून मात्र घेतलं होतं, कारण टोचणं म्हणजे खाणं नव्हे!

"आज संकष्टी आहे," ती म्हणाली. हे मात्र मराठीत. "बाबांसाठी. चंद्र दिसेपर्यंत काही नाही."

मला त्या क्षणी इतका राग आला, की कुणावर काढावा ते कळेना. पोरीवर काढता येत नव्हता. तिला हे कुणी शिकवलंही नव्हतं. आई स्वतः करते ते बघून तिने आपणच ठरवलेलं. आई साबुदाणा तरी खाते, हिला तेवढंही नको. मी दारावर बुक्क्या मारल्या. चौकीदार पलीकडून म्हणाला, "हुकुम नहीं है, सिस्टर जी." मुलगी मरेल म्हटलं. तो पुन्हा म्हणाला की हुकूम नाही. त्याचंही पोट त्या नोकरीवर होतं, पण मी त्याला नाही नाही ते बोलले.

ग्लुकोजचा डबा होता, तळाशी थोडी पूड. पाण्यात ढवळून पेला तिच्या तोंडाशी नेला, तर तिने दात घट्ट मिटले. जबरदस्ती करावी तर ठसका लागायचा. नाक दाबून औषध पाजायला ती काही तान्ही नव्हती. आणि थोड्याच वेळात ती बेशुद्ध पडली असती, मग तोंडाने काहीच देता आलं नसतं.

मी चमचा घेतला. म्हटलं, "उजवा हात पुढे कर. तीर्थ आहे. तीर्थाने उपास मोडत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, खाली डावा धरून, अगदी आईने शिकवला असेल तसा. हात इतका कापत होता की अर्धं सांडलं. मी दुसरा चमचा घातला, तिसरा, मग मोजलेच नाहीत. ती प्रत्येक वेळी ओठाला लावून हात डोक्यावरून फिरवत होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर कुठेतरी गाडीचा भोंगा वाजत होता. पेला संपला.

हळूहळू घाम थांबला. चेहऱ्यावर रंग आला. आणि शुद्धीबरोबर अक्कलही परत आली.

"तीर्थ इतना नहीं देते," ती म्हणाली. "आपने चीटिंग की."

"केली."

"अब बाबा को कुछ हो गया तो?"

सकाळचं इन्शुलिन अजून अंगात काम करत होतं. ग्लुकोजचा डबा रिकामा झाला होता. कडी तशीच. पराठे खाल्ले नाहीत तर तासाभरात पुन्हा तेच, आणि या वेळी तीर्थ म्हणून द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मी देव मानत नाही. सासूबाईंशी यावरून माझं आयुष्यभराचं वाकडं आहे. मी समजावलं, ओरडले, बाबांना हे आवडेल का म्हणून विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटी मी तिच्या कॉटवर बसले. "उपास मोडायचा नाही ना? मग मोडू नकोस. उरलेला मला दे. आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं माणूस धरतं, आमच्याकडे धरतात."

ती वळली. "आपने सुबह खाया होगा."

"नुसता चहा घेतलाय." हे खरंच होतं. देवासाठी नव्हे, घरचा सिलिंडर संपला होता म्हणून. शेजारणीकडचा कपभर चहा पिऊन आले होते.

"शपथ?"

"तुझ्या बाबांची शपथ."

हे शब्द तोंडातून गेले आणि मलाच कसंतरी झालं. पण तिने पराठ्याचा तुकडा मोडला. एक, मग दुसरा. माझ्यावर नजर ठेवून, भाजीसकट सगळं संपवलं. मी तिच्याकडे बघत बसले. भुकेने माझंही डोकं चढलं होतं आणि टेबलाच्या खणात माझा बिस्किटांचा पुडा होता.

दुपार कलल्यावर कडी निघाली. लष्कराच्या जीपमधून पद्मिनी आली, तोंड पांढरंफटक. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, मी स्वतः करते, हे कसं लक्षात आलं नाही माझ्या. मग डोळे पुसून तिने पर्समधून पेढे काढले आणि मला म्हणाली, "तुम्हीही काही खाल्लं नसेल. घ्या ना."

रागिणी दारात उभी होती. जीपकडे निघालेली, थांबली होती.

"नको," मी म्हटलं. "माझा उपास आहे."

ती परत आली, माझ्या कानाशी वाकली. "मावशी, सिर्फ आज का नहीं है. मैंने बोला था, बाबा येईपर्यंत. हर संकष्टी को."

शांतिसेना कधी परतणार, हे तेव्हा दिल्लीतही कुणी सांगू शकत नव्हतं. पोरगी उत्तरासाठी थांबली होती. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात ती पुन्हा दूध मोरीत ओतणार, आणि कोसळणार ती माझ्या डोळ्यांआड.

"बरं," मी म्हटलं.

पुढच्या संकष्टीला घरी सिलिंडर भरलेला होता. मी कांदेपोहे केले, वर खोबरं पेरलं, गुरुनाथना वाढले. त्यांनी विचारलं, तुझी ताटली कुठाय? मी कपात चहा ओतला आणि म्हटलं, तुम्ही खा.