सत्तावीस नंबरची वाट

माझ्या सवतीचं नाव सत्तावीस नंबर. आमच्या टायटसव्हिल गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण माझं बायकांचे केस कापायचं दुकान आहे आणि मी काही पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. सवत उंचीला माझ्या अडीचपट, कमरेत बारीक आणि खाली घेरदार झगा घातल्यासारखी. सरकारी अंतराळयानाच्या शेपटीला अशी तीन इंजिनं असायची. त्यांतल्या हिची देखभाल माझ्या नवऱ्याकडे, लाईलकडे होती. आमच्या लग्नातली निम्मी वर्षं त्यानं तिच्यासोबत काढली.

ती जायची आणि परत यायची. यान उतरायला लागलं की नदीवर दोन आवाज व्हायचे, धाड धाड, ओळखीच्या माणसानं दारावर थाप मारावी तसे. कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. लाईल जिथे असेल तिथून उठायचा, बूट चढवायचा, जेवणाचा डबा उचलायचा आणि म्हणायचा, "कॉर्डी, आली गं." डबा मी भरून ठेवलेलाच असायचा. इंजिन यानातून काढून कारखान्यात आणलं की सगळ्यांच्या आधी हा तिच्या अंगाला उघडा तळहात लावणार. त्याचा नियमच होता: परत आलेल्याला आधी हात लावायचा, कागदपत्रं मग.

घरी येऊन तसाच टेबलाशी बसायचा.

"हात धू," मी म्हणायची.

"कशाला? तिचं काही लागत नाही हाताला. नुसती पाण्याची वाफ सोडते ती. तुझ्या कॉफीच्या किटलीपेक्षा स्वच्छ आहे."

"असेल. माझ्या टेबलावर हात धुतल्याशिवाय जेवण नाही."

मग तोंड फुगवून धुवायचा. तिचा स्पर्श हातावरून जाऊ नये असं त्याला वाटायचं, ते मला कळत होतं. म्हणूनच मी धुवायला लावायची.

पुढे ती अंतराळयानं संग्रहालयांत गेली आणि लाईल निवृत्त झाला. सत्तावीस नंबरला कापडात गुंडाळून कोठारात ठेवलं. मी मनात म्हटलं, सुटले. पण कसली सुटते! दुपारी आम्ही नदीकाठच्या ओसरीवर बसायचो. आमची नदी म्हणजे नावाची नदी, खरं तर समुद्राचं अडकून पडलेलं पाणी. दुपारी ते हलतच नाही. पाणगाईची, त्या सुस्त जलचराची, पाठ मधूनच वर येते, श्वास सोडते आणि बुडते, आणि आपण ती खरंच पाहिली की आपल्याला नुसतं तसं वाटलं, हे नक्की सांगता येत नाही. अशा वेळी लाईल अर्धवट झोपेत विचारायचा, "कॉर्डी, तिला स्वप्नं पडत असतील का गं?"

"पडत असतील तर त्यात मी तरी नसेन," मी म्हणायची.

आमची एकुलती एक पोर केल्सी. खाण तशी माती, तीही रॉकेटवाल्यांतच गेली. पण सरकारी नाही, खाजगी कंपनीत. ह्यांची रॉकेटं बसगाडीसारखी सुटतात. माल वर पोचवायचा आणि रॉकेटाचा खालचा भाग वळून, पाय पसरून, पुन्हा आमच्याच किनाऱ्यावर उभा. पहिल्या वेळी सगळं गाव रस्त्यावर येऊन रडलं होतं. आता माझ्या दुकानातल्या मिसेस प्रुइट उतरण्याचा दणका व्हायच्या वेळी कपातली कॉफी सांडू नये म्हणून कप फक्त वर उचलतात. मान वर करत नाहीत.

लाईल तर कपही उचलायचा नाही. ह्यांच्या दणक्यात तीन आवाज असतात, आमच्यात दोन होते. "दार वाजवायचीसुद्धा रीत नाही लेकांना," एवढंच बोलून तो पुढचा घास घ्यायचा.

मग ती बातमी आली. सरकारचं नवं, प्रचंड रॉकेट चंद्राकडे निघणार होतं आणि त्याच्या बुडाशी जुनी चार इंजिनं लावणार होते. त्यांत सत्तावीस नंबर होती. ह्या रॉकेटला परत यायचं नव्हतं. काम झालं की इंजिनांसकट समुद्रात.

लाईलनं बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा तीच बातमी वाचली.

त्या रविवारी केल्सी जेवायला आली. मी मासे तळले होते, नंतरच्या गोडासाठी लेमन पाय केला होता. पोरीला वाटलं, आपण बापाच्या बाजूनंच बोलतोय.

"डॅडी, हे म्हणजे चांदीच्या ताटात जेवायचं आणि उठताना ताटच नदीत फेकायचं! वर लोकांना सांगायचं, बघा, कसे जेवलो!"

"ताट कुणी घासलं होतं ते ठाऊक आहे ना तुला?" लाईल म्हणाला.

"म्हणून तर जीव जळतो माझा. आमचं बघ. तेच रॉकेट, पुन्हा पुन्हा, आणि खर्च तुमच्या पासंगालाही..."

"तुमचं ते काळंकुट्ट ध्यान! उतरल्यावर आंघोळ तरी घालता का त्याला?"

"नाही घालत. उडायला आंघोळ लागत नाही, डॅडी. वेळेवर निघावं लागतं."

हे जिव्हारी लागलं. सरकारी रॉकेटाचा मुहूर्त तोवर तीनदा हुकला होता. कधी वारा, कधी वीज, कधी कुठलीशी झडप. लाईलनं काटा ताटलीत ठेवला, आवाज न करता, आणि उठून गॅरेजमध्ये गेला. लेमन पाय तसाच राहिला. त्याला लेमन पाय सोडून उठताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून केल्सी आली की हा गॅरेजमध्ये. तिचा फोन आला की हा मान हलवून नको म्हणणार. दोघंही हट्टी, आणि मी मधे. हिला सांगावं तर ती रुसते, त्याला सांगावं तर तो ऐकत नाही. मला इंजिनाचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटत होती ती ह्या दोघांची. लाईल आता तरुण नाही. ह्या दोघांमधलं शेवटचं बोलणं तेच ठरलं तर, ह्या विचारानं मला धडकी भरायची.

चौथा मुहूर्त सकाळचा लागला आणि टिकला. लाईल म्हणाला, मी बघणार नाही. मी खुर्च्या काठावर नेऊन ठेवल्या. तो आला, पण नदीकडे पाठ करून बसला आणि संत्रं सोलायला लागला. आधी उजेड आला. तो पाण्यावरून आला, माझ्या हातांवरून गेला आणि लाईलच्या मांडीवरच्या सालींवर पडला, तेव्हा लाईल वळला. पलीकडे पांढऱ्या वाफेचा डोंगर उभा राहत होता आणि त्यातून काहीतरी वर चढत होतं, इतकं हळू की थांबतं की काय वाटावं. आवाज अजून पोचला नव्हता. बगळे नेहमीसारखे उभे होते. मग आवाज आला, आधी खुर्चीच्या पायांतून, मग छातीतून, आणि बगळे एकदम उडाले.

लाईल उभा राहिला. त्यानं टोपी काढली. रॉकेट ढगात गेलं, दिसेनासं झालं, तरी तो मान वर करूनच होता. अंडं उकडायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

"आता बंद झाली," तो म्हणाला. "नीट चालली शेवटपर्यंत."

मग खाली बसला. केल्सीचा फोन आला, त्यानं मान हलवली. दुपार झाली, संत्रं तसंच सोललेलं राहिलं. मी जेवायला हाक मारली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा कान देऊन बसलाय. ती पलीकडच्या महासागराच्या तळाशी गेली हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी बसला होता, आणि मला त्याची इतकी दया आली की मीही त्याच्याशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीवर झोपला होता. पाणी हलत नव्हतं. मी आत कपडे घड्या करत होते. एकदम दणका झाला, बश्या किणकिणल्या. मी मोजले, सवयीनं. तीन.

ओसरीचं दार उघडलं. लाईल आत आला. डोळे उघडे होते, पण झोप अजून उतरली नव्हती, आणि चेहरा असा की मी हातातला टॉवेल खाली ठेवला. असा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"कॉर्डी, आली गं," तो म्हणाला.

तो बूट शोधायला लागला. जुना डबा फळीवर होता, तो त्यानं काढला, झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. लाईल, ती कालच बुडाली, असं म्हणायला हवं होतं. मी पाव काढला, चीज लावलं, डबा भरला आणि त्याच्या ट्रकमध्ये शेजारी जाऊन बसले.

त्यानं ट्रक पुलावर घातला. पलीकडे सरकारी अंतराळ केंद्राची, रॉकेटं उभारायची अवाढव्य इमारत उन्हाच्या झळांत तरंगत होती. दोन्ही बाजूंना पाणी इतकं शांत की आपण पुलावर आहोत की आभाळात, कळू नये. मला वाटलं, असंच चालत राहावं, फाटक येऊच नये. पुलाच्या मध्यावर ट्रकचा वेग कमी झाला. मग त्यानं तो कडेला घेतला.

"कॉर्डी."

"हं."

"तीन होते ना? आवाज?"

"मी नाही मोजले."

"खोटं नको बोलूस. तू सगळं मोजतेस."

"होते तीन," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. रडला नाही. रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं, तीच," तो म्हणाला. "किती मूर्ख म्हातारा आहे मी."

"मूर्ख तर तू लग्नाच्या आधीपासून आहेस," मी म्हटलं. "पण कुणाचं तरी परत आलंय ना? तुझी नसेल आली. तुझ्या पोरीचं आलंय. डबा भरलेला आहे. आता माझं सँडविच फुकट घालवू नकोस, चल."

एक पाणकोळी पक्षी पुलाच्या कठड्यावर येऊन बसला आणि उडून गेला. मग लाईलनं ट्रक वळवला आणि दक्षिणेला बंदराचा रस्ता धरला. मी हळूच केल्सीला निरोप पाठवला.

बंदराच्या धक्क्यावर लोक गळ टाकून बसले होते. खाडीपलीकडे, सपाट झुडपांवर, केल्सीचं रॉकेट उभं होतं. इतक्या लांबून जळून गेलेल्या काडीएवढं. लाईल कठड्याला टेकून बघत राहिला. ऊन उतरलं, पाणी तांबूस झालं.

"सरळ उभं आहे," तो शेवटी म्हणाला. "तेवढं बरं केलंय."

केल्सी कामाच्या कपड्यांतच आली. बापाला बघून ती चार पावलं अलीकडेच थांबली. माझ्या तोंडाशी शंभर वाक्यं आली होती, मी सगळी गिळली. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते देवालाच ठाऊक.

लाईलनं डबा पुढे केला. "जेवलीस का?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि डबा घेतला. तेव्हा तिचे हात दिसले. तळहात काळे होते, गालावर एक काळा फराटा.

"हे काय गं?"

"काजळी. आमच्यात हातमोजे घालूनच शिवायचं असतं," ती म्हणाली, "पण मी हातमोजा काढते. आल्याआल्या आधी उघडा हात लावायचा. तूच शिकवलंस ना?"

लाईलनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नाकाशी नेला, वास घेतला. रॉकेलचा वास मलाही आला.

"नंबर काय त्याचा?" त्यानं विचारलं.

"बासष्ट."

"कितवी खेप?"

"सतरावी."

"दमलं असेल."

"थोडं दमलंय," केल्सी म्हणाली. "डॅडी, कालचं मी पाहिलं. छतावर उभी राहून पाहिलं. सत्तावीस कुठली ते मला इतक्या लांबून नाही कळलं रे."

"डावीकडची," लाईल म्हणाला. त्यानं तिचा हात सोडला नाही. "तिला काजळी नाही धरायची. पण असू दे. परत आलंय ना, काळं का असेना."

केल्सी आमच्याबरोबरच घरी आली. मी मासे तळले, पाव गरम केला, तिघांच्या ताटल्या मांडल्या. लाईल येऊन आपल्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळहात काळे झाले होते, पांढऱ्या टेबलक्लॉथवर बोटं उमटत होती. तो माझ्याकडे बघत होता, केल्सीही बघत होती. मी तोंड उघडलं.

इतकी वर्षं मी त्याला स्वच्छ असलेले हात धुवायला लावले होते. मी पावाची टोपली त्याच्यापुढे सरकवली.