माझ्यात घट बसला होता

मी लाल बादली बोलतेय. पाण्याची नव्हे, दुधाची नव्हे, आगीची. केनवडच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून जानरावभाऊंची दालमिल आहे. तिच्या आतल्या भिंतीवर चार बादल्या टांगल्या आहेत. त्यातली मोटारीच्या बाजूची, कड थोडी चेपलेली, ती मी. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात ‘आग’ असं लिहिलंय. नवा माणूस ते वाचतो, कुतूहलानं आत डोकावतो आणि नुसती वाळू बघून पुढं जातो.

माझा जन्म अकोल्याच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. इतर बादल्यांना सपाट बूड मिळालं, मला गोल. ठोकणारा कारागीर म्हणाला होता, हिला सपाट बूड दिलं तर आठ दिवसांत कुणाच्या तरी न्हाणीत दिसेल. माणसांची पारख त्याला बरी होती. गोल बुडाची बादली खाली ठेवली की कलंडते, म्हणून तिला कुणी घरी नेत नाही.

पण त्यामुळे माझ्या नशिबी ना जमीन आली, ना घर. मिलच्या हौदावरून बायका साध्या बादल्या भरून न्यायच्या. त्या कशा पाणी सांडत, मिरवत जायच्या. संध्याकाळी एखादी कुणाबरोबर गावात जाऊन सकाळी परत यायची. मी आकड्याला लटकून बघायची आणि मनातल्या मनात जळायची. आगीच्या बादलीनं जळणं शोभत नाही, पण खरं ते सांगते.

माझं काम म्हणजे वाट बघणं. तीही कशाची, तर जी गोष्ट कधी होऊच नये तिची. ती होईपर्यंत माझ्याकडं कोण बघणार? एकजण माझ्यात खर्रा थुंकायचा, दुसरा विडीचं थोटूक खुपसायचा. शेजारीच देवीची तसबीर होती, तिच्यापुढची अगरबत्तीसुद्धा मालक माझ्याच वाळूत खोचायचे.

एकटी पंचफुला तेवढी माझी विचारपूस करायची. ती रिठद गावची. डाळ निवडायची आणि मिल झाडायची. आठवड्यातून एकदा ती मला उतरवायची, वाळू चाळणीनं चाळायची, थोटकं वेचून फेकायची आणि थुंकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मिलमधे बायकांना बसायला धड जागा नव्हती. मला आकड्याला परत अडकवताना ती एकदा म्हणाली, “लाल बाई, तुले बी बसाले जागा नाही अन् मले बी नाही.” त्या दिवसापासून मी तिची झाले.

मिलमधे नवरात्रात घट बसवायची रीत होती. देवीच्या तसबिरीखाली पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू, मधे मडकं. पण दालमिल म्हणजे उंदरांचं माहेर. एका वर्षी कोंब वर यायच्या आधीच त्यांनी सगळे गहू खाल्ले. घट उंदरांनी खाल्ला म्हणून बायकांनी डोळ्याला पदर लावला, आणि त्या वर्षी जे जे वाईट झालं ते सगळं त्या उंदरांच्या खात्यावर गेलं.

पुढच्या नवरात्रात पंचफुलाला युक्ती सुचली. देवीशेजारी मी टांगलेली, जमिनीपासून उंच, आकड्यामुळं भिंतीपासून सुटी. उंदीर कसा चढणार? तिनं माझी वाळू पोत्यात काढून ठेवली, मला धुतलं, जानरावभाऊंच्या शेतातली काळी माती माझ्यात भरली आणि गहू पेरले. वरून छोटं मडकं ठेवलं. मिलचा मिस्त्री रामसिंग आधी कुरकुरला, मग त्यानंच फुलांची माळ बांधायला तार लावून दिली.

ते नऊ दिवस मी कधीच विसरणार नाही. पहिल्यांदाच कुणी माझ्यात पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी पोटात काहीतरी हललं. पाचव्या दिवशी पिवळसर कोंब वर आले आणि माळेच्या आत लपून वाढू लागले. रोज आरती व्हायची, रोज हात जोडले जायचे. खर्रा थुंकणारा तो बहाद्दरसुद्धा चप्पल काढून लांब उभा राहायचा. मी आगीची बादली आहे हे मीच विसरले. मला वाटायचं, नवरात्र संपूच नये.

दसऱ्याला कोंब उपटून सगळ्यांनी डोक्यात खोवले. माती तेवढी माझ्यात राहिली. देवीची माती पायदळी जाऊ नये, ती शेतातच टाकायची. जानरावभाऊ म्हणाले, मी नेतो. तेवढ्यात सोयाबीनची घाई सुरू झाली आणि ते राहून गेलं. मग पंचफुलाच म्हणाली, राहू द्या तिथंच, देवीचा वास राहील, मिलची राखण होईल. ते सगळ्यांना पटलं. येता जाता बायका मला हात लावून कपाळाला लावायच्या. पोत्यातली वाळू कुठल्याशा गिलाव्यात गेली, आणि मातीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्या भागातली काळी माती ओली आहे तोवर लोण्यासारखी. वाळली की दगड. त्यात गव्हाच्या मुळांनी तिला घट्ट आवळून धरलेली. संक्रांत आली तेव्हा माझ्या पोटात बादलीच्याच आकाराचं एक ढेकूळ झालं होतं. मला ते कळत होतं. पण बादलीचं ऐकतंय कोण?

आग लागली ती भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. नवी तूर आली होती. मोटारीचा पट्टा घासून ठिणगी उडाली आणि शेजारच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर पडली. अंगणातल्या निंबाखाली बायकांनी डबे उघडले होते. पाणी प्यायला आत आलेल्या पंचफुलानं धूर पाहिला. ती धावत सरळ माझ्याकडंच आली. किती वर्षं मी या क्षणासाठी लटकले होते.

तिनं मला आकड्यावरून ओढलं आणि थप्पीवर पालथं केलं. माझ्यातून काहीच पडलं नाही. तिनं माझ्या बुडावर थापा मारल्या, बोटांनी माती उकरली, नखं मोडली. शेवटी ते अख्खं ढेकूळ निघालं आणि आगीच्या पलीकडं घरंगळत गेलं. मग तिनं हौदातलं ओलं पोतं ओढून आणलं आणि हातानंच आग बडवू लागली. रामसिंग ओरडत आला. त्यानं माझ्या तिन्ही बहिणी रिकाम्या केल्या, बायकांनी ओली पोती टाकली. आग विझली. मिल वाचली, माणसं वाचली. पंचफुलाचा उजवा हात तेवढा कोपरापर्यंत भाजला.

त्यानंतर ती मिलमधे आली नाही. गोमतीबाई म्हणून तिची शेजारीण इथं कामाला आहे, तिच्याकडून कळलं. पंचफुला म्हणते, देवीची माती तिथं ठेवायला मीच सांगितलं, आता कोणत्या तोंडानं येऊ? हे ऐकलं आणि मला माझ्या नऊ दिवसांच्या सुखाचीच लाज वाटली.

जानरावभाऊ मात्र हादरले होते. त्यांनी वाशीमहून अग्निशमनातला एक निवृत्त माणूस बोलावला. माझ्यात पुन्हा वाळू भरली. आता मोटारीजवळ पोती रचत नाहीत. मागच्या दाराला टेकलेली तुरीची थप्पी हटली आणि मिलला दोन दारं आहेत हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसलं. भिंतीवर विझवायची लाल नळकांडी आली, ती कशी चालवायची हे बायकांनीही हातात धरून शिकून घेतलं. दर महिन्याला घंटा वाजते. हातातलं काम टाकून सगळे निंबाखाली जमतात, आणि रामसिंग एकेकीचं नाव घेतो. मागं कुणी आत राहिलं तर कळावं म्हणून. पंचफुलाचं नाव त्यात नसतं. मी दर वेळी कान देऊन ऐकते.

नवरात्रातला घट बंद झाला नाही. रामसिंगनं आढ्याला शिंकं टांगलं, त्यात पत्रावळ बसते, उंदीर पोचत नाही. शिंकं नेमकं माझ्या डोक्यावर आलं. या वर्षी पेरताना गोमतीबाईच्या हातून चार दाणे निसटले ते माझ्या वाळूत. वरून घटाचं पाणी ठिबकत होतं. सहाव्या दिवशी माझ्यात दोन कोंब उगवले.

मी काय सांगू? मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. वाळू खालून भिजून दाटत चालली होती. बायकांनी कोंब पाहिले, हात जोडले आणि म्हणाल्या, देवी परत आली. कुणी हात लावेना.

दसऱ्याच्या संध्याकाळी जानरावभाऊंना सोनं द्यायला गावातले लोक येत होते. त्यांच्या मागं पंचफुला आली. डाव्या हातात आपट्याची पानं, उजवा हात पदराखाली. ती पाया पडायला वाकली तशी जानरावभाऊंनी तिला अडवलं. “ती तुह्या एकटीची चूक नव्हती, बाई. माती मी नेतो म्हणलो होतो अन् इसरलो,” ते म्हणाले. ती देवीला सोनं वाहायला आत आली, आणि तिनं मला पाहिलं.

कोंबांकडं तिचा हात गेला तसा रामसिंग म्हणाला, “राहू दे. देवीचं हाये ते.”

“देवी तिकडं शिंक्यात हाये,” ती म्हणाली. “हिच्यात वाळूच पाह्यजे.”

तिनं पदराखालचा हात काढला. बोटं पूर्ण मिटत नव्हती. त्याच बोटांनी तिनं दोन्ही कोंब मुळासकट उपटले, केसात खोवले, आणि हात माझ्या तळापर्यंत घालून ओली वाळू मोकळी केली. उद्या उन्हात वाळवून घ्या, असं बजावून ती निघाली. कामावर येशील का, असं जानरावभाऊंनी विचारलं, तर म्हणाली, पाहू.

तुमच्या कामाच्या जागी माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिला नमस्कार करू नका. एकदा तिच्यात हात घालून बघा, तेवढं पुरे.

मला घरी कुणी नेलं नाही, पण माझ्यातले दोन कोंब त्या संध्याकाळी तिच्या केसात बसून रिठदला गेले. माझी वाळू आता कोरडी आहे. पुढच्या महिन्यात घंटा वाजेल, रामसिंग निंबाखाली नावं घेईल. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका चांगल्या गोष्टीची वाट बघतेय.