एकदाच झेलणारा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी बेल्ट आहे. उंचावर काम करणाऱ्या माणसाला खांदे, कंबर आणि मांड्यांशी आवळून धरणे हे माझे काम. माझी हकिगत जरा घाईतच सांगतो, कारण घरात निघायची गडबड चालली आहे आणि मला चैन पडत नाही.

कारखान्यात जाड पट्ट्यांना भक्कम टाके घालून मला शिवले. तिथून मी एका रंगाऱ्याकडे आलो. तो उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. "हे लोढणं घालून काम करू की नाचू?" म्हणत तो नाक मुरडायचा. साहेब दिसले की माझा हुक वरच्या दोरीत अडकवायचा, साहेबांची पाठ फिरली की काढायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा पायाखालची फळी सरकली. नशिबाने तेव्हा हुक अडकवलेला होता. मी त्याला अधांतरी झेलले. त्या हिसक्यात माझे आतले टाके तटातट तुटले, पण मी त्याला सोडले नाही.

मुकादमाने बजावले, "झटका बसलेला बेल्ट परत वापरायचा नसतो. कापून टाक."

"ज्यानं जीव वाचवला त्याला कापू? काहीतरीच काय!" रंगारी म्हणाला. त्याने मला घरी आणून खिळ्याला टांगले. आल्यागेल्याला तो मला कौतुकाने दाखवायचा. मीही फुशारलो, खोटे कशाला बोलू?

आज त्याचा मेहुणा पाण्याच्या टाकीवर रंगकामाला चालला आहे. "हाच घाल, लई गुणाचा आहे," रंगाऱ्याने सांगितले. रंगाऱ्याच्या बायकोला माझे उसवलेले टाके दिसले. भावाच्या काळजीने तिने दुहेरी दोरा ओवला आणि मला असे सुबक शिवले, की मी अगदी नवा दिसतो आहे. मित्रांनो, त्या दोऱ्याने शर्टाचे बटण टिकेल. माणूस नाही टिकणार!

"ताई, किती आवळतेस!" मेहुणा हसतो आहे.

"आवळू दे. मग मला घोर नाही."

तिचा हात माझ्यावरून मायेने फिरतो आहे आणि मला रडू येते आहे. मी एकदाच झेलू शकतो, आणि ते माझे झेलून झाले. तुमच्या ओळखीत कुणाकडे असा जीव वाचवलेला बेल्ट असेल, तर त्याला नमस्कार करा आणि कापून टाका. मला जपू नका. कुणीतरी लवकर या आणि एवढे या ताईला सांगा. तो बुटाची नाडी बांधतो आहे.