कल्पिताच्या हळदीचं आवतन

सकाळी साडेसातलाच गोपीनाथ साईनाथच्या दारात भांडायला उभा. मे महिन्याचं ऊन, खाडीकडून एक झुळूक नाही, आणि हा माणूस अंगणातल्या अंगणात येरझारा घालतोय.

"तुजी पत्रिका उघारली आन् माजा फोन बाटला. आथा पोरीच्या हलदीचा काय करू, सांग."

साईनाथ उंबऱ्यावरून हलला नाही. "मी कंची पत्रिका धारली? माज्या घरान लगीन हाय का?"

झालं होतं ते असं. आमच्या बाळकुमात आवतन आलं आणि तुम्ही ते बघितलं नाही, तर तो त्या घराचा अपमान. साईनाथच्या नावानं फोनवर लग्नपत्रिका आली, गोपीनाथनं उघडली, आणि फोननं जे जे विचारलं त्याला हो म्हटलं. ती पत्रिका नव्हतीच, लबाडांनी सोडलेलं ॲप होतं. तेव्हापासून त्याचे मेसेज कुणी परका वाचत होता, आणि त्याच्या नावानं तीच खोटी पत्रिका गावभर फिरत होती.

त्याचा पुतण्या नयन घोडबंदर रोडला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं गावच्या ग्रुपवर लिहिलं, काकांच्या नंबरावरून काहीही आलं तरी उघडू नका. बरोबरच लिहिलं. पण गोपीनाथच्या कल्पिताची हळद चार दिवसांवर, आणि तिचं खरं आवतनही त्याच नंबरावरून गेलेलं. तेही कुणी उघडेना. हळदीला गाव आलं नाही, तर त्या घरानं तोंड कुठं दाखवायचं? कल्पिता रडली नाही, पण मांडववाल्याला दर दहा मिनिटांनी फोन करून खुर्च्या कमी-जास्त करत राहिली. मला तर तिच्याकडे बघवेना.

दुपारी शकूमावशी आली. ती आमची धवलारीण, लग्नात धवले गाऊन देवांना बोलावणारी.

"पयले पत्रिका कोन वाचायचा?" ती म्हणाली. "मी दारान उबी रव्हून गायचे, ना लोका यायची. चल गोपी."

"मी कनाला येव?"

"तुज्या फोननी केलाय ना? मी गाईन, तू सांगशील, नयन फोन साफ करंल."

पहिल्या घरी गोपीनाथ भिंतीकडे बघून बोलला. "मी खोटी पत्रिका उघारली. तुमी उघारू नका. हलदीला या." दुसऱ्या घरी आवाज थोडा निघाला. तिसऱ्या घरची सून आत गेली आणि फोन घेऊन आली. तिनंही उघडली होती, नवऱ्याच्या भीतीनं लपवलेली. मग प्रत्येक आळीतून फोन निघायला लागले. नयन ओट्यावर फोन साफ करायला बसला, तो उठेचना.

शेवटी राहिलं साईनाथचं घर. मावशीचा धवला संपला, तरी गोपीनाथ नुसता टोपी काढत, घालत उभा. सकाळी याच दारात तो भांडून गेला होता. मागून आलेले आम्हीही अवघडलो.

"साईनाथ, माजीच चूक," तो एकदाचा बोलला. "मी कोनाला न इचारता उघारली. हलदीला ये."

साईनाथ आत गेला. फडक्यात गुंडाळलेला बंद फोन आणून त्यानं नयनपुढे ठेवला. "मी पन भावजीच्या नावाची उघारली होती. तुज्या आदी आठ दिस. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हून गप रायलो."

"तुज्या झाकल्या मुठीनी गाव बाटला ना रं," मावशी म्हणाली.

हळदीला खुर्च्या कमी पडल्या. साईनाथ स्वतः पातेली उचलत होता. कल्पिता पिवळ्या तोंडानं पाहुणे मोजायचं सोडून शेवटी हसली. मांडवातच गावानं ठरवलं, धवलारणीनं दारात सांगितल्याशिवाय फोनवरचं आवतन उघडायचं नाही. आणि जो फसेल त्यानं त्याच दिवशी तिच्याकडे जायचं, लाजायचं नाही. नयननं हा नियम ग्रुपवर टाकला, खाली आपलं हातभर शहाणपण जोडून.

तिसऱ्या दिवशी तोच मावशीच्या ओट्यावर, मान खाली घालून.

"मावशी, ऑफिसचा मेल वाटला गं. घाईत उघडला. माझ्या फोनात गावातले सगळे नंबर आहेत."

मावशीनं हसू लपवलं नाही. पायात चपला सरकवल्या.

"चल. पयला साईनाथकरं जाव. त्याला लय बरा वाटंल."